असीरगडाच्या दरवाजापाशी

भुसावळ सोडून आगगाडी तापीचा पूल ओलांडते, आणि मग रावेरपर्यंत व रावेरच्याही पुढे दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. महाराष्ट्र कोठे संपला व मध्य प्रदेश कोठे लागला हे त्या बागांना ठाऊक नसावे. आम्हांलाही ते स्थानकावरील पाटी वाचूनच कळले. खांडव्यास आमचे सेमिनरीतील एक सोबती धर्मगुरू आहेत, त्यांच्या भेटीस आम्ही निघालो होतो. वाटेत, लहानपणापासून ज्याचे नाव ऐकत आलो तो असीरगड पाहून पुढे जावे, अशा विचाराने आम्ही बऱ्हाणपूरला उतरलो.

खरे सांगावयाचे तर मन प्रसन्न नव्हते. तीन आठवड्यांपूर्वीच आमच्या धर्मग्रामातील एका कर्त्या पुरुषाला आम्ही मूठमाती दिली होती. वय पन्नाशीच्या आत. मागे पत्नी, दोन मुली व एक शाळकरी मुलगा. वर्षभर रविवारच्या मिस्सेला शेवटच्या बाकावरून त्याचा खोकला ऐकू येत असे. पुढे तो मिस्सेला येईनासा झाला. अखेर त्याला मोठ्या इस्पितळात नेले तेव्हा क्षयाचे निदान झाले. पण तोवर फार उशीर झाला होता. अंत्यविधीनंतरच्या रविवारी आम्ही प्रवचनात अज्ञानावर बोललो. तपासणी फुकट, औषध फुकट, असे दिवस आले तरी आपली माणसे रोग लपवितात व मरतात. हे अडाणीपण आपण कधी सोडणार, असे आम्ही काहीशा आवेशाने विचारले. सारी सभा खाली मान घालून ऐकत होती. त्याची विधवा पत्नी दुसऱ्या बाकावर बसली होती. प्रवचन चांगले झाले, असे आम्हांस त्या दिवशी वाटले.

बऱ्हाणपूर हे पूर्वीपासून विणकरांचे शहर. आजही गल्लीगल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. तेथून खांडव्याच्या रस्त्याने उत्तरेस सुमारे वीस किलोमीटर गेले की सातपुड्याच्या रांगेत असीरगड दिसू लागतो. उत्तरेकडून दक्षिणेत उतरणाऱ्या वाटेवर हा गड पहारेकऱ्यासारखा बसलेला आहे. म्हणून जुन्या लोकांनी त्याला दक्षिणेचा दरवाजा म्हटले. पायथ्यापासून त्याची उंची सुमारे साडेआठशे फूट. खाली मलयगड, मध्ये कमरगड व माथ्यावर खुद्द असीरगड, अशी तटबंदीची तीन वलये आहेत. एकामागून एक दरवाजे ओलांडीत आम्ही वर गेलो. माथ्यावर दोन मिनारांची जुनी मशीद आहे, पाण्याची टाकी आहेत, महादेवाचे मंदिर आहे, आणि १८१९ मध्ये गड घेतल्यावर इंग्रजांनी बांधलेल्या बराकींचे पडके अवशेष व त्यांच्या कबरीही आहेत.

महादेवाच्या मंदिराशी एक लोककथा जोडलेली आहे. महाभारतातील अश्वत्थामा अजून जिवंत आहे व पहाटे येऊन पिंडीवर ताजे फूल वाहून जातो, असे आसपासचे लोक सांगतात. त्याच्या कपाळीचा मणी काढून घेतला, तेथे कधीही न भरणारी जखम राहिली, आणि माणसांपासून दूर राहून भटकत राहावे असा शाप त्याला मिळाला. आमच्याकडील आजीबाई सांगत की तो जखमेसाठी दारोदार तेल मागतो. कथा आमच्या शेजाऱ्यांच्या श्रद्धेची आहे, तिचा आम्ही आदर करतो. मंदिराच्या पायरीवर बसलो असता आमच्या मनात आले की या योद्ध्याच्या शिक्षेत जखमेहूनही दारुण असे काही आहे. दिवस उजाडण्यापूर्वी येणे आणि कोणी पाहण्यापूर्वी निघून जाणे, हे त्याच्या नशिबी आले आहे.

गडाची दुसरी गोष्ट इतिहासातील आहे, आणि तिच्यात आपल्या ख्रिस्तसभेचीही दोन माणसे आहेत. १६०० साली अकबर बादशहाने या गडाला वेढा घातला. त्या वेळी त्याच्या छावणीत येशूसंघाचे फादर जेरोम झेवियर हे होते. हे संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच घराण्यातील. त्यांच्यासोबत ब्रदर बेंतो द गोइश होते, जे पुढे मध्य आशियाचा खडतर प्रवास करून चीनपर्यंत पोहोचले. चौलच्या पोर्तुगिजांकडून तोफा मागवून द्याव्या, अशी बादशहाची इच्छा होती. फादरांनी त्यास नकार दिला आणि बादशहाचा रोष ओढवून घेतला. पुढे जानेवारी १६०१ मध्ये गड बादशहाच्या हाती आला.

गड कशाने पडला? दरबारी इतिहासकार सांगतात की आत रोगाची भयंकर साथ पसरली व हजारो माणसे मेली. फादर झेवियर यांच्या पत्रांवरून युरोपात जो वृत्तांत छापला गेला, त्यात साथीचे नाव नाही. सोन्याचांदीने आतील सरदार फोडले, असे त्यात म्हटले आहे. इतिहासकारांनी दोन्ही वृत्तांत समोर ठेवून पुष्कळ वाद घातला. आम्ही तटावर उभे राहून खालचे रान पाहिले तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली. हे दोन्ही वृत्तांत वेढा घालणाऱ्यांच्या छावणीत बसलेल्या माणसांचे आहेत. आतले पाणके, दळण दळणाऱ्या बाया, दरवाजावरचा शिपाई, यांना काय भोगावे लागले हे त्यांच्या तोंडून कोणी लिहून ठेवले नाही. चारशे वर्षे झाली, तरी बंद दरवाजामागे काय घडले याचा आपण बाहेरूनच तर्क करीत आहोत.

उन्हे कलती झाली तेव्हा गड उतरून आम्ही रस्त्यावरील चहाच्या टपरीवर बसलो. खांडव्याच्या बसची वाट पाहत तेथे एक आशाताई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, तिच्यात झाकणाच्या लहान डब्या. त्यांचे माहेर रावेरचे निघाले, त्यामुळे मराठी बोलणे सहज सुरू झाले. डब्यांत क्षयाच्या तपासणीसाठी घेतलेले बेडक्याचे नमुने होते.

आम्ही म्हणालो, "ताई, लोक देतात का नमुने? की लपवितात?"

त्या हसल्या. "भाऊ, आधी मीही असंच म्हणायची. लोक लपवतात, लोकांना समजत नाही. मग एकाने डबी परत दिली तेव्हा मी रागावण्याऐवजी विचारलं, का नको? तो म्हणाला, तू सकाळचा बेडका मागतेस, आणि मी पहाटे चारला दुसऱ्याच्या बागेत केळीचे घड उतरवायला जातो. तुझं केंद्र उघडतं तेव्हा मी ट्रकवर घड चढवीत असतो. आता सांगा, त्याला काय समजत नव्हतं?"

मग त्या एकेक घर सांगू लागल्या. नाव कोणाचेही घेतले नाही. एका घरी मुलीचे लग्न ठरलेले. डबी दाराशी आली तर सासरकडे बातमी जाईल ही भीती. एका घरी सुनेला खोकला. पण सासऱ्यादेखत खाकरून डबीत थुंकणे तिला मरणाहून मेल्यासारखे. एकाने मागल्या साली नमुना दिला होता. त्याचे उत्तर परत आलेच नाही, म्हणून तो म्हणतो की दुसऱ्यांदा कशाला? डोंगरातल्या एका पाड्यावर सारे जण मजुरीला परमुलखी गेलेले. परत येतील तेव्हा होळी असेल.

"प्रत्येकाचं कुलूप वेगळं, भाऊ," त्या म्हणाल्या. "म्हणून मी 'का' विचारते आणि विचारून उभी राहते. लगेच कोणी सांगत नाही. दुसऱ्या खेपेला सांगतात."

आम्हांला राहवले नाही. आमच्या गावच्या त्या माणसाची हकीकत आम्ही त्यांना सांगितली, प्रवचनाचीही सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना कोणी विचारलं होतं का, भाऊ?"

तेवढ्यात बस आली. त्या पुढच्या फाट्यावर उतरून गेल्या. आम्ही खांडव्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत बसलो.

रात्री जेवणानंतर आम्ही हा प्रश्न आमच्या सोबत्यापुढे मांडला. ते बरीच वर्षे कोरकू व बारेला वस्त्यांतून सिस्टरांसोबत आजाऱ्यांकडे जातात, आणि या विषयावर त्यांनी पुष्कळ वाचलेले आहे. त्यांनी जे सांगितले ते वाचकांनी लक्षपूर्वक वाचावे, अशी आमची विनंती आहे.

बंगळूर येथे १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तेव्हा पुष्कळ शहाण्या लोकांची समजूत अशी होती की खेड्यातील अडाणी माणूस खोकल्याची पर्वा करीत नाही, म्हणून तो तपासणीस येत नाही. त्या संस्थेतील देबबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील गावांत जाऊन क्षयरुग्णांनाच विचारले. १९६३ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती, पुष्कळांना त्यांची चिंता वाटत होती, आणि निम्म्याहून अधिक रुग्ण तर आधीच दवाखान्यात जाऊन आलेले होते. तेथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठविण्यात आले होते. माणूस दरवाजापर्यंत आला होता. दरवाजानेच त्याला ओळखले नव्हते.

ही साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. २०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयरोगाची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यात तीन लाखांहून अधिक माणसांची तपासणी झाली. ज्यांना क्षयाची लक्षणे होती अशा दर शंभरांतील चौसष्ट जणांनी कोठेही उपचार घेतलेला नव्हता. कारण विचारता त्यांतील शंभरापैकी अडुसष्ट जणांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केले असे नोंदले गेले, अठरा जणांना ती लक्षणे क्षयाची आहेत हे कळले नव्हते, बारा जणांनी घरचे औषध केले, आणि दोघांनी पैशाची अडचण सांगितली. आमचे सोबती म्हणाले, "ही पाहणी फार मोलाची आहे. परंतु 'दुर्लक्ष' हा शब्द नोंदवहीत एका खुणेत मावतो. त्याच्या मागे पहाटे चारची मजुरी आहे की मुलीचे लग्न आहे, हे कळण्यासाठी त्या माणसाच्या ओट्यावर बसावे लागते."

त्यांनी उलट बाजूही सांगितली. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी गोऱ्या सोजिरांकडून घरांची झडती घेण्यात आली, तेव्हा लोकांनी आपले रोगी दडवून ठेवले. मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीत तपासणीचे पथक एका आजारी मुलीसाठी आले. परपुरुषाने मुलीला तपासू नये, असे घरच्यांचे म्हणणे होते. त्यावरून दंगल झाली, गोळ्या चालल्या व माणसे मेली. बऱ्हाणपूरच्या विणकरांच्या गल्लीतून आम्ही सकाळीच गेलो होतो. त्या मुलीची आई कशी असेल हे डोळ्यांपुढे आणणे आम्हांस कठीण गेले नाही.  आणि दूर कशाला जावे? २०२० साली करोनाच्या काळात तपासणी म्हणजे घरच्यांपासून ताटातूट, या भीतीने अंगातला ताप लपविणारी माणसे आपण आपल्याच गावी पाहिली.

याच्या उलट गडचिरोलीचे उदाहरण आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथील दोन खेड्यांत स्त्रियांच्या न सांगितल्या जाणाऱ्या विकारांचा अभ्यास केला. तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी शंभरात ब्याण्णव जणींना काही ना काही विकार होता, त्यांत जंतुसंसर्ग पुष्कळ. पण यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात केवळ आठ होत्या. पुढे त्यांनी गोंड लोकांना विचारले की तुम्ही इस्पितळात का येत नाही? मोठ्या इमारतीची भीती वाटते, आमची भाषा तेथे कोणाला कळत नाही, रोग्याजवळ नातेवाइकांना राहू देत नाहीत, अशी उत्तरे आली. तेव्हा त्यांच्या गावासारखेच, झोपड्यांचे इस्पितळ बांधण्यात आले, नातेवाइकांना जागा ठेवली गेली, आणि त्याला नावही लोकांच्या दंतेश्वरी देवीचे दिले गेले.

त्या रात्री आम्हांस झोप लवकर आली नाही. जुन्या करारात मोशेच्या नियमाप्रमाणे कुष्ठाची तपासणी याजकाकडे असे. तो पाहत असे, आणि शुद्ध किंवा अशुद्ध असे ठरवीत असे. अशुद्ध ठरलेल्याने वस्तीबाहेर राहावे लागे. प्रभू येशूने मात्र कुष्ठरोग्याला आधी हात लावला आणि मग याजकाकडे धाडले. सेमिनरीत हा उतारा आम्ही कितीदा तरी अभ्यासला होता. प्रवचनपीठावरून बोलताना मात्र आम्ही जुन्या याजकासारखे दूर उभे राहून निवाडा केला होता, हे असीरगड पाहीपर्यंत आमच्या ध्यानी आले नाही.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही त्या विधवा भगिनीच्या घरी गेलो. प्रार्थना झाली, चहा झाला. मग आम्ही विचारले, "बाई, त्याने तपासणी का करून घेतली नाही?" ती काही बोलली नाही. आम्ही बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ती उठली, आतून एक पत्र्याची ट्रंक ओढून आणली व उघडली. तिच्यात खोकल्याच्या औषधाच्या चार रिकाम्या बाटल्या होत्या, आणि दवाखान्याच्या चार चिठ्ठ्या, घडी करून जपून ठेवलेल्या. वर्षभरात तो चार वेळा रोजगार बुडवून गेला होता. चारही वेळा बाटली मिळाली. बेडका तपासायला कोणी सांगितले नाही.

"हे तू आम्हांला आधी का सांगितले नाहीस?" आम्ही म्हणालो.

"तुम्ही कुठे विचारलंत, फादर?" ती म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. तो असता तर आम्हांस बरे वाटले असते.

पुढल्या रविवारी, तिची परवानगी घेऊन, आम्ही त्याच प्रवचनपीठावरून आमची चूक सांगितली. तो अडाणी नव्हता. तो चार वेळा दरवाजापर्यंत गेला होता, हे साऱ्या गावाने ऐकावे अशी आमची इच्छा होती. तिने मान वर करून ते ऐकले. तिची व मुलांची तपासणी आशाताईंनी करून घेतली आहे.

आता आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक वाडीतून एक पुरुष व एक स्त्री अशी माणसे घरोघर जात आहेत. उपदेश करावयाचा नाही, असा नियम त्यांना घालून दिला आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला कोणास आहे काय, तपासणीस जाणार काय, आणि नाही तर कशामुळे, एवढेच विचारावयाचे. जे कानी येईल ते दुसऱ्या घरी न्यावयाचे नाही. पहिल्या आठवड्यातच कळले की शेतमजुरांना केंद्राची वेळ सोयीची नाही. हे आशाताईंना सांगताच त्यांनी दिवेलागणीला डब्या देऊन भल्या पहाटे परत घेण्याचे कबूल केले. इतर कुलपे अजून उघडावयाची आहेत.

जाता जाता, ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. दोन आठवड्यांहून अधिक काळचा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटते वजन किंवा बेडक्यात रक्त, यांपैकी काहीही असेल तर बेडक्याची तपासणी मागून घ्यावी. केवळ बाटली मिळाली तर विनयाने पण स्पष्ट शब्दांत विचारावे की बेडका तपासावयाचा नाही काय. डबीत तोंडातील थुंकी देऊ नये. खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून काढलेला बेडका द्यावा. लक्षणे नसतानाही रोग असू शकतो. वर सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणीत शंभरातील सुमारे त्रेचाळीस रुग्ण केवळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. सरकारी केंद्रात तपासणी व औषध यांस पैसे पडत नाहीत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेतो पोषणासाठी महिना एक हजार रुपयांचे साहाय्यही आहे. साधा क्षय सहा महिन्यांच्या नियमित औषधाने बरा होतो. त्यासाठी घर सोडावे लागत नाही. घरी राहून घेतलेले औषध आरोग्यधामातील उपचाराइतकेच गुण देते, हे मद्रास येथील अभ्यासाने १९५९ सालीच दाखवून दिले आहे.

असीरगड पाहण्यास अवश्य जावे. पावसाळा सरल्यावर सातपुडा हिरवा असतो, आणि माथ्यावरून फार दूरवरचा मुलूख दिसतो. उतरताना पायथ्याच्या टपरीवर चहा घ्यावा, आणि शेजारी कोणी बसले असेल तर त्यांच्याशी चार शब्द बोलावे. आमच्या घरच्या दिवाणखान्यात आता त्या चार रिकाम्या बाटल्यांपैकी एक आहे. त्या भगिनीकडून आम्ही ती मागून घेतली. प्रवचन लिहावयास बसलो की ती समोर असते.